जव्हारची हवा आणि मोखाड्याचे पाणी

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि चपला घालता घालता एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला हटकले, ‘‘साहेब, चार दिवस दिसला नाहीत. कुठे कार्यक्रम होता?’’

‘‘जव्हारला गेलो होतो.’’

‘‘कुणाकडे?’’

‘‘कुणाकडेच नाही.’’

‘‘मग शिबिर होते?’’

‘‘शिबिरही नव्हते. विश्रांतीला गेलो होतो. एकटाच.’’

त्या गृहस्थांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही जयंतीची वर्गणी घेऊन पळालो होतो!

वाचकहो, त्यात त्यांचा दोष नाही. आमचा समाज घराबाहेर पडतो तो कशासाठी? अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. याशिवाय लग्न, मयत आणि पुण्यानुमोदन. आमचा प्रवास म्हणजे गर्दी, रेल्वेच्या दारात उभी राहिलेली माणसे, ट्रकच्या हौद्यात बसलेल्या बाया, चटणी-भाकरीचे गाठोडे आणि निळा झेंडा. या गर्दीने आम्हाला माणूस केले, हे आम्ही कसे विसरू? परंतु काही काम नसताना, कुणी बोलावलेले नसताना, केवळ मन ताळ्यावर यावे म्हणून एखाद्या डोंगरावर जाऊन चार दिवस गप्प बसणे आमच्या हिशेबात बसत नाही. ते श्रीमंतांचे चोचले, असे आपण मानून बसलो आहोत.

आम्हीही तसेच मानत होतो. पण यंदाच्या जुलैत आमची सहचारिणी गेली. पुण्यानुमोदनाला माणसे आली, भाषणे झाली, भोजनदान झाले, आणि मग घर रिकामे झाले. त्या दिवसापासून आमची झोप गेली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गोळ्या वाढवल्या आणि म्हणाले, ‘‘हवापालट करा.’’ हवापालट हा शब्द आम्ही फक्त कादंबऱ्यांत वाचला होता! पण तो ऐकला आणि तिचे बोलणे आठवले. चाळीस वर्षांच्या संसारात तिने दागिना मागितला नाही. एकदाच म्हणाली होती, ‘‘एकदा असे कुठेतरी जाऊ, जिथे मला स्वयंपाक नाही आणि तुम्हाला भाषण नाही.’’ आम्ही ‘जाऊ’ म्हटले आणि ते राहून गेले. कधी जयंती आड आली, कधी निवडणूक, कधी मोर्चा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, पुढे लागेल. आम्ही मुंबई महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला म्हणून लागलो आणि चावीवाला म्हणूनच निवृत्त झालो. चावीवाला म्हणजे रस्त्यातले झाकण उघडून, लांब लोखंडी दांड्याने खालचा वॉल्व्ह फिरवणारा माणूस. पहाटे अमुक वस्तीचे पाणी सोडायचे, दोन तासांनी बंद करायचे, मग पुढच्या वस्तीचे सोडायचे. लिहिण्याची सवय आम्हाला त्या रात्रपाळ्यांतच लागली.

विश्रांती हा चोचला आहे, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला भरपगारी रजेचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी कायम चालणाऱ्या कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. मालक लोक म्हणत, मजुराला रिकामा वेळ दिला तर तो गुत्त्यात जाईल. बाबासाहेबांनी मजुराच्या रिकाम्या वेळाला कायद्यात जागा दिली. ज्या माणसाने आमच्यासाठी रजा मिळवली, त्याच्या लेकरांनी रजेला लाजावे काय?

आणि प्रवासाचे म्हणाल तर बाबासाहेबांनी आत्मकथनपर जे थोडेसे लिहिले, त्याचे नावच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. त्यातले प्रसंग बहुतेक प्रवासातले आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली लहान भावंडे मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळताच गाडीवाला गाडी हाकायला तयार होत नाही, शेवटी मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे असे ठरते. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळत नाही. अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहतात आणि लाठ्या घेतलेली माणसे त्यांना बाहेर काढतात. १९३४ साली दौलताबादला सहकाऱ्यांसह किल्ला पाहायला जातात आणि हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून शिव्या खातात. सहलीला गेलेला माणूस, आणि त्यालाही पाण्याने अडवले! तेव्हा आमच्या माणसाने पिशवी उचलून एकट्याने कुठेही जाणे आणि तिथे बिनधास्त झोपणे, यात चैन तर आहेच, पण चैनीपेक्षा पुष्कळ जास्त काही आहे. असो.

दिवाळी संपल्यावर ठाण्याहून जव्हारची एसटी धरली. ज्येष्ठ नागरिक म्हणून आम्हाला अर्धे तिकीट आणि शेजारच्या बाईलाही २०२३ पासूनच्या सवलतीमुळे अर्धेच. भिवंडी, वाडा, विक्रमगड. भिवंडीची गोदामे संपली की वीटभट्ट्या लागतात, भट्ट्या संपल्या की भातखाचरे. तेव्हा कापणी झाली होती आणि खळ्यावर पेंढ्यांचे ढीग होते. विक्रमगड सोडले आणि गाडी वळणे घेत चढू लागली. खिडकीतून आत येणारी हवा बदलली, हे आम्हाला मानेला कळले. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. समुद्र इथून दिसत नाही. पण पावसाळ्यात डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेले ढग याच सह्याद्रीच्या अंगाला येऊन धडकतात. पूर्वी याला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. मुख्यालय जव्हारला हवे अशी मागणी होती, ते गेले पालघरला, रेल्वेच्या रुळाशेजारी. महाबळेश्वर मात्र डोंगरातच राहिले!

गावाबाहेर एका निवासात खोली घेतली. मालक शहरातले, बोलायला गोड. आधार कार्ड पाहून म्हणाले, ‘‘मूळचे कुठले तुम्ही?’’ आम्ही गाव सांगितले. ‘‘नाही, म्हणजे... आडनाव वेगळे वाटले.’’ आम्ही म्हटले, ‘‘बौद्ध आहोत.’’ ‘‘तसे काही नाही हो, आमच्याकडे सगळे येतात!’’ एवढे बोलून त्यांनी किल्ली दिली. खोली चांगली होती, चादर स्वच्छ होती. १९१७ साल नव्हे, हे कबूल केले पाहिजे. पण ‘तसे काही नाही’ हे वाक्य ज्याला ऐकावे लागत नाही, त्याच्या झोपेत आणि आमच्या झोपेत किंचित फरक राहतोच.

तरीही सांगतो, त्या रात्री आम्ही झोपलो. जुलैनंतर पहिल्यांदा. रात्री कुठूनतरी तारप्याचा आवाज येत होता. भोपळ्याचा आणि बांबूचा हा लांबलचक वाजा, नवे धान्य घरात आले की वारल्यांच्या पाड्यांवर वाजू लागतो. वाजवणारा मधे आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणाऱ्यांची साखळी. तो फिरेल तशी साखळी फिरते, त्याच्याकडे पाठ कोणी करीत नाही. याच जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. आम्ही त्या रात्री नाच पाहायला गेलो नाही. अंधारात खाटेवर पडून ऐकत राहिलो आणि ऐकता ऐकता डोळा लागला तो सकाळी साडेसातलाच उघडला. जन्मभर पहाटे चारला उठून चावी फिरवणाऱ्या माणसाला साडेसातचे ऊन म्हणजे काय, हे वाचकांतल्या कामगारांना सांगायला नको.

दुसरा दिवस आम्ही असाच घालवला. हनुमान पॉइंटवर बसलो. समोर खोल दरी, पलीकडे निळसर डोंगरांच्या रांगा, गवत पिवळे पडू लागलेले. कुणी फोटो काढा म्हणाले नाही, कुणी ‘दोन शब्द बोला’ म्हणाले नाही. आम्ही तिच्याशी मनातल्या मनात बरेच बोललो, ते इथे लिहीत नाही. आनापान करायला बसलो. विहारात पंधरा मिनिटे बसले की गुडघे ओरडतात, इथे तासभर कसा गेला कळले नाही. तथागतांनी भिक्खूंना आठ महिने चारिका सांगितली आणि पावसाळ्यात वर्षावास सांगितला. चालणे आणि थांबणे, दोन्ही सांगितले. आपण चालणेच तेवढे उचलले.

संध्याकाळी राजवाड्याकडे गेलो. टेकडीवरचा जयविलास राजवाडा मुकणे राजांचा. चौदाव्या शतकात या घराण्याचा मूळ पुरुष जयबा याने हे राज्य उभे केले. त्याची एक दंतकथा जुन्या गॅझेटियरमध्येही आहे. जयबाने इथल्या वारली नायकाकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक भोळा, त्याने ‘घे’ म्हटले. जयबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या, आणि त्या लांबलचक वादीने जेवढा मुलूख वेढला तेवढा आपला केला! अशी कथा जगात इतरत्रही सांगतात. पण आमचे लक्ष भलतीकडेच गेले. एवढ्या बारीक आणि न तुटणाऱ्या वाद्या कापायच्या म्हणजे कसबी हात पाहिजे. तो हात कुणाचा होता, हे कथेत नाही. कातडे आले की आमचा माणूस कुठेतरी जवळपास असणारच. इतिहासात मात्र तो नसतो. मुकणे स्वतः महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच. परंतु राजा आपल्यातला असला म्हणून प्रजेचे दैन्य फिटते असे नाही, हे आमचे पुढारी पाहिलेल्या वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही.

पर्यटकांसाठी छापलेल्या माहितीत राजवाडा असतो, सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवराय जिथे थांबले ते शिरपामाळ असते, दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे असतात. खोडाळ्याहून कसाऱ्याकडे उतरताना, ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत, विहीगावला ‘अशोका धबधबा’ लागतो. नाव ऐकून आमचा ऊर भरून आला होता. चौकशी केली तेव्हा कळले की सम्राट अशोकाशी त्याचा संबंध नाही, २००१ सालच्या हिंदी सिनेमाचे चित्रीकरण तिथे झाले म्हणून ते नाव पडले!

पण त्या माहितीत वावर-वांगणी नसते. तिसऱ्या दिवशी आम्ही दाभोशाला जायला वडाप धरली. दाभोसा पाहिला, लेंडी नदीची धार बारीक झाली होती पण उंचावरून पडतच होती. परतताना गाडीतल्या बोलण्यात वावरचे नाव कानावर पडले आणि आमच्या अंगावर काटा आला. १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, कुपोषणाने आणि आजाराने शंभरावर बालके दगावली होती. तेव्हा सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. मंत्र्यांच्या गाड्यांची रीघ लागली, योजनांचा पाऊस पडला. मुंबईतल्या आमच्या वस्तीतूनही तेव्हा जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे गोळा करून पाठवले होते. पाठवले आणि आम्ही विसरलो. २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रे भरली. ऑगस्ट २०२२ मध्ये, देशभर घराघरांवर अमृतमहोत्सवाचे तिरंगे लागले होते तेव्हा, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एका मातेची घरीच वेळेआधी प्रसूती झाली, जुळी बाळे दगावली आणि तिला चादरीच्या झोळीत घालून डोंगरवाटेने रस्त्यापर्यंत आणावे लागले. तिथे जायला रस्ता नव्हता. हे कोणत्याही पॉइंटवरून दिसत नाही.

इथे कोणी म्हणेल, विश्रांतीला गेला होतात, मग हे उकरून कशाला काढता? आम्हीही स्वतःला हेच विचारले. आम्ही लेखणी घरी ठेवून गेलो होतो. परंतु डोळे घरी ठेवता येत नाहीत.

चौथ्या दिवशी मोखाड्याला गेलो. जव्हारहून पंचवीसेक किलोमीटर. तिथून खोडाळ्याकडे, सूर्यमाळच्या बाजूला. जव्हारपेक्षा इथला डोंगर उघडा आणि करडा. नागली आणि वरईची उतारावरची शेते कापून झाली होती. खाली दऱ्यांमधून वैतरणा. आणि याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ, मध्य वैतरणेचे धरण. आम्हाला त्याची माहिती पाठ आहे. उंची १०२ मीटर. २०१४ साली पूर्ण झाले. मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देते, म्हणजे साडेपंचेचाळीस कोटी लिटर. ते पाणी नदीतून खालच्या मोडकसागरात जाते, तिथून जलवाहिन्या आणि बोगद्यातून उताराने भांडुपला शुद्धीकरणाला, आणि तिथून मुंबईच्या पोटात. त्याच्या शेवटच्या टोकाला, रस्त्यातल्या एका झाकणापाशी, लोखंडी दांडा घेऊन आम्ही उभे असायचो. इतकी वर्षे ज्या पाण्याची चावी फिरवली, ते पाणी राहते कुठे, हे आम्ही निवृत्तीनंतर प्रथमच पाहत होतो, तेही लांबून.

रस्त्याच्या कडेला एका विहिरीवर एक म्हातारी हंडा भरीत होती. इकडे लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. आम्हाला ते फार बरे वाटले, ‘अहो-जाहो’तला हिशेब त्यात नाही.

‘‘कोण गावचा तू?’’ तिने विचारले.

‘‘मुंबईचा.’’

‘‘धरणाचा साहेब का?’’

‘‘नाही आई. मी पाण्याची चावी फिरवायचो. मुंबईत.’’

म्हातारीने हंडा कडेवर घेतला, आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, ‘‘मग इकडची पण फिरव की!’’ आणि स्वतःच खळखळून हसली. जाता जाता सांगून गेली, ‘‘होळी झाल्यावर ये. विहिरीचा तळ दाखवते तुला. टँकर आला तर आला.’’

वाचकहो, त्या हसण्यात राग असता तर आम्हाला सोपे गेले असते.

या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या तिपटीहून अधिक. तरी उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांना टँकर लागतो. कारण विचारा, तर अभियंते सांगतात की खाली काळा पाषाण आहे, वर मातीचा पातळ थर आहे, उतार तीव्र आहे, पडलेले पाणी तासाभरात दरीत जाते. हे खरेच आहे. धरण दरीत आहे आणि पाडे डोंगरावर आहेत. पाणी वर चढवायचे तर पंप हवेत, वीज हवी, पैसा हवा, आणि तो ‘परवडत नाही’. शंभर किलोमीटर लांबच्या शहरापर्यंत बोगदे खोदणे परवडते, समोरच्या टेकडीवर चढवणे परवडत नाही! परवडण्याचे हे गणित पंतोजींनी कोणत्या शाळेत शिकवले?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सार्वजनिक होते, कायद्याने खुले होते, तरी आमच्यासाठी बंद होते. दरवर्षी आम्ही महाडला जातो आणि पाण्याच्या हक्कावर घसा कोरडा करून भाषण देतो. आणि इथे? इथे कुणाला काठावरून हाकलण्याची गरजच राहिलेली नाही. तळेच्या तळे उचलून दुसरीकडे नेले आहे, आणि ते पिणाऱ्यांत आम्हीही आहोत. मुंबईच्या झोपडपट्टीत नळासाठी आम्ही लढलो, मोर्चे काढले, अधिकाऱ्याच्या टेबलावर रिकामे हंडे आपटले. तो नळ मिळाला. त्यात जे पाणी आले ते कुठून आले, हे विचारायचे मात्र राहून गेले. आम्ही त्या नळाबद्दल माफी मागत नाही. झोपडीतल्या माणसाच्या वाट्याला येते त्याच्या कितीतरी पट पाणी टॉवरमधल्या पोहण्याच्या तलावात जाते, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? चावी आमच्याच हातात होती. परंतु ‘दलित-आदिवासी’ हा जोडशब्द आम्ही व्यासपीठावरून इतक्या सहज उच्चारतो, त्यातली मधली रेघ ओलांडून आपल्यापैकी कितीजण कधी एखाद्या पाड्यावर जाऊन बसले आहेत?

या दोन्ही तालुक्यांत शंभरातली नव्वदहून अधिक माणसे आदिवासी आहेत. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. हे सगळे कागदावर भक्कम आहे. आणि तरी रस्त्याच्या कडेला कुंपणे दिसतात, आत बंगला, बाहेर कुत्रा. आमच्यातही आता चांगल्या पगाराची मुले आहेत आणि त्यांनाही डोंगरात घर हवेसे वाटते. वाटू द्या. पण कोणी दलाल कानाशी लागून ‘आदिवासीच्या नावावर घेऊ, आतून तुमचेच’ असे म्हणाला, तर आमच्या मुलांनी तरी त्या कातड्याच्या वाद्या ओळखाव्यात. तशी जमीन घेऊन वर भिंतीला बाबासाहेबांचा फोटो लावू नये.

मग विश्रांतीला जायचे की नाही? आम्ही म्हणतो, जावे. जरूर जावे, आणि बायकांनी आधी जावे. आमच्या घरातल्या बाईला विश्रांती म्हणून माहेर दाखवले जाते आणि तिथेही ती चुलीपुढेच असते. पण जाल तेव्हा पाड्यावरच्या माणसाच्या घरी राहा, त्याच्या हातची नागलीची भाकरी खा आणि त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या. त्याच्या पोराबाळांचे फोटो काढत फिरू नका. सवर्ण लोक एके काळी आमच्या वस्तीकडे ज्या नजरेने बघत, ती नजर आपल्या डोळ्यांत कधी येऊन बसते ते कळतही नाही. आम्हाला ती दाभोशाला स्वतःच्या डोळ्यांत सापडली. तीन पोरे नागडी पोहत होती, आणि आमचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला होता.

परतीची एसटी मोखाड्याहून जव्हार करून संध्याकाळची धरली. जव्हारच्या स्टँडवर पाच-सहा कुटुंबे चढली. पातेली, गोधड्या, पत्र्याची पेटी, एका पाटीत दोन कोंबड्या. दिवाळी झाली की हे ठरलेले. भिवंडी, वसईच्या भट्ट्यांवर विटा पाडायला जायचे ते पाऊस पडायच्या सुमारास परत यायचे. पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतलेली असते, ती विटांत फेडायची. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब शेवटी होतो आणि तो मालकाच्या वहीत असतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली. त्याच्याही तीस वर्षे आधी, १९४५ पासून, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी वेठ मोडून काढली होती. आणि २०२१ साली मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी बापाने मुलाच्या कफनासाठी मालकाकडून ५०० रुपये घेतले, त्यापायी त्याला राबवून घेतले गेले आणि अखेर त्याने गळफास लावून घेतला, अशी फिर्याद त्याच कायद्याखाली पोलिसांत नोंदवली गेली. कफनाचे ५०० रुपये! सहचारिणीच्या पुण्यानुमोदनात आम्ही भोजनदानावर किती खर्च केला, तो आकडा आम्हाला गाडीत बसल्या बसल्या आठवला.

गाडी भरली. एक तरुण बाई आमच्या सीटला टेकून उभी होती, कडेवर दोन-अडीच वर्षांचे मूल. आम्ही उठून तिला जागा देऊ लागलो तर ती म्हणाली, ‘‘तू बस, म्हातारा आहेस. याला घे.’’ आणि मूल आमच्या मांडीवर ठेवले. विक्रमगडच्या आधीच ते झोपले. वळणावर त्याचे डोके आमच्या छातीवर येई आणि आम्ही हात लावून धरीत असू. त्या बाईला आम्ही विचारले, पोराला आता शाळा, अंगणवाडी? ती म्हणाली, ‘‘तिकडे कुठली अंगणवाडी?’’ पुढे विचारण्यासारखे काही उरले नाही.

वाड्याच्या पुढे, अंधारात, कंडक्टरने घंटी वाजवली. बाहेर एक मुकादम बॅटरी घेऊन उभा होता. कुटुंबे एकेक करून उतरली, पेटी खाली गेली, कोंबड्यांची पाटी गेली. शेवटी तिने मूल आमच्या मांडीवरून उचलले. ते जागे झाले नाही. आमच्या सदऱ्यावर त्याच्या लाळेचा ओला डाग राहिला होता.

विहारात त्या कार्यकर्त्याने विचारले तेव्हा हे सगळे सांगायला वेळ नव्हता. ६ डिसेंबरच्या तयारीची बैठक सुरू व्हायची होती. यादी वाचली गेली. मंडप, भोजन, पुस्तकांचा स्टॉल, हरवलेल्या मुलांची चौकी. शिवाजी पार्कवरच्या पाणपोईचे काम यंदाही आमच्याकडेच दिले आहे.